सौदा पुरा होण्याची खात्री : भारतीय शेअर बाजाराची १९९२ ते २००३ ही अकरा वर्षे

२२ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ वर होता. ३१ मार्च २००३ रोजी तो ३,०४९ च्या आसपास बंद झाला. अकरा वर्षांत निर्देशांक जवळजवळ एक तृतीयांशाने खाली आला होता आणि मधल्या महागाईचा हिशेब धरला तर त्याहून कितीतरी जास्त. नुसता आलेख पाहणारा म्हणेल की या काळात भारतीय शेअर बाजार खुंटला. पण दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिल २००३ पासून, या बाजारातला सौदा दोन कामकाजाच्या दिवसांत पुरा होऊ लागला: पैसे विकणाऱ्याच्या खात्यात, शेअर घेणाऱ्याच्या खात्यात. अमेरिकेला तेव्हा तीन दिवस लागत होते आणि दोन दिवसांवर यायला तिला सप्टेंबर २०१७ उजाडला. भारतात मात्र १९९२ च्या सुमारास शेअर नावावर व्हायला महिनोन्महिने जात आणि पुष्कळदा तो नावावर होतच नसे.

उभरत्या अर्थव्यवस्थेत शेअर बाजार कशाने वाढतो, हा प्रश्न विचारताना मी नेहमी या अकरा वर्षांकडे वळतो, कारण इथे बाजाराची किंमत आणि बाजाराचा विकास या दोन गोष्टी सुट्या करून पाहता येतात. ठरलेली उत्तरे आपल्याला माहीत असतात. लोकांचे उत्पन्न वाढले, बचत वाढली, परदेशी पैसा आला, कायदे भागधारकाच्या बाजूने झाले की बाजार वाढतो. प्रत्येकात तथ्य आहे. पण भारताचा अनुभव बारकाईने पाहिला तर एक गोष्ट या सगळ्यांच्या आधी येते. अनोळखी माणसाशी केलेला सौदा ठरल्या वेळी, ठरल्या भावाने पुरा होईल आणि त्यासाठी कोर्टात जावे लागणार नाही, ही खात्री. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात. पाच-दहा हजारांच्या शेअरसाठी ती चढणे परवडतही नाही. ज्या देशात दाव्याचा निकाल लागायला वर्षे जातात, तिथे ही खात्री न्यायालयाबाहेर, बाजाराच्या यंत्रणेतच बांधावी लागते. भारताने ती बांधली. कशी बांधली आणि ती कुठे अपुरी पडली, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

कागदावरचा मालक

१९९२ पूर्वीच्या बाजारात गुंतवणूकदार नव्हते असे नाही. १९७३ च्या फेरा या परकीय चलनविषयक कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा साधारण ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला आणि हिंदुस्थान लिव्हर, कोलगेट यांच्यासारख्या कंपन्यांचे शेअर मध्यमवर्गीय घरांत पोचले. १९७७ मध्ये रिलायन्सने भागविक्री केली. नव्या शेअरची किंमत कंपनी ठरवत नसे. १९४७ च्या कायद्यानुसार दिल्लीतला कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ती मंजूर करी आणि ती बहुधा बाजारभावापेक्षा बरीच कमी असे. त्यामुळे अर्ज केल्यावर शेअर लागला म्हणजे लॉटरी लागली असेच लोक मानत. थोडक्यात, हौस होती, बचत होती, कंपन्याही होत्या. देशात वीसच्या वर शेअर बाजार होते, पुण्यातही १९८२ मध्ये एक निघाला होता.

अडत होते ते शेअर घेतल्यानंतर. एक व्यवहार जरा जवळून पाहू. समजा, एखाद्याने एका कंपनीचे शंभर शेअर घेतले. पैसे दिल्यानंतर काही आठवड्यांनी दलालाकडून त्याच्या हाती शेअर सर्टिफिकेट आणि त्याला जोडलेले ट्रान्सफर डीड पडे. डीडवर विकणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही, दलालाचा शिक्का. घेणाऱ्याने त्यावर किमतीच्या अर्ध्या टक्क्याचे शेअर ट्रान्सफर स्टॅम्प लावायचे, स्वतःची सही करायची आणि ते सगळे कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पोस्टाने पाठवायचे. तिथला कारकून विकणाऱ्याची सही जुन्या नमुन्याशी ताडून पाही. तो नमुना पंधरा वर्षांपूर्वीचा असू शके. सही थोडी हलली, आद्याक्षर राहिले, स्टॅम्प कमी पडला, डीडची मुदत उलटली, की सगळा गठ्ठा परत. त्याला बाजारात ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. मग तो कागद घेणाऱ्याच्या दलालाकडून विकणाऱ्याच्या दलालाकडे आणि तिथून विकणाऱ्याकडे जायचा. तो माणूस सापडला, हयात असला आणि पुन्हा सही द्यायला तयार असला तर काम पुढे सरकायचे.

त्यात आणखी एक गुंता होता. बरेच लोक शेअर आपल्या नावावर करतच नसत. डीडवर घेणाऱ्याचे नाव कोरे ठेवून तोच कागद पुढे विकत, कारण त्यात स्टॅम्पचा खर्च वाचे. असा कागद चार-पाच हातांतून फिरून शेवटच्या माणसाने तो रजिस्ट्रारकडे धाडला आणि सही जुळली नाही, तर अख्खी साखळी उलटी उलगडावी लागे. दरम्यान लाभांश आणि बोनस शेअर जुन्या मालकाच्या पत्त्यावर जात राहत. नाव बदलून द्यायला कंपनीला कायद्यानेच दोन महिने दिले होते. टपालात कागद गहाळ होणे, चोरीला जाणे, बनावट निघणे हे वेगळेच.

भावाची अडचण याहून कमी नव्हती. मुंबई शेअर बाजाराच्या रिंगमध्ये, म्हणजे व्यवहाराच्या सभागृहात, ओरडून सौदे होत. अमुक शेअर नेमका कितीला घेतला गेला, हे गिऱ्हाइकाला तपासता येत नसे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्या दिवसाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव छापून येई. त्या दोघांच्या मधला कोणताही आकडा दलालाने लावला तरी हरकत घ्यायला आधार नसे. दलाली नियमाने अडीच टक्क्यांपर्यंत घेता येई, पण खरा खर्च या न दिसणाऱ्या फरकात होता.

शिवाय बदला होता. प्रमुख शेअरांचा हिशेब पंधरवड्याने होई आणि ज्याला तेव्हाही पैसे द्यायचे नसत तो व्याज देऊन सौदा पुढे ढकले. हे व्याज शनिवारी ठरे. तेजीवाले जास्त असले तर ते व्याज देत, आणि शेअरचाच तुटवडा असला तर उलट मंदीवाल्यांना भुर्दंड पडे. त्याला ‘उंधा बदला’ म्हणत. बदल्यात मुळात काही पाप नव्हते, पैसे उधार घेऊन व्यवहार करण्याची ती एक रीत होती. धोका असा की रोखीचा सौदा आणि वायद्याचा सौदा एकाच भांड्यात शिजत, मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची ठेव, तुटपुंजे असे आणि बुडाला तर कोण भरून देणार याचे उत्तर नसे. बाजाराचा कारभार दलालांच्याच मंडळाकडे होता. संकटात बाजार बंद ठेवायचा का, हे ठरवणाऱ्यांचेच पैसे पुष्कळदा त्यात अडकलेले असत. मार्च १९९५ मध्ये एम. एस. शूज या कंपनीच्या शेअरांवरून देणी थकली आणि मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद राहिला, तो याच रचनेचा परिणाम.

आता कायद्याकडे पाहा. नव्वदच्या दशकात काही अर्थशास्त्रज्ञांनी एकोणपन्नास देशांच्या कायद्यांत भागधारकांना कोणते हक्क दिले आहेत, याची मोजणी केली. भारताला ६ पैकी ५ गुण मिळाले. अमेरिकेलाही ५ च होते. जर्मनीला १. कागदावरचा कायदा हेच बाजाराचे इंजिन असते, तर १९९० चा दलाल स्ट्रीट जगातल्या उत्तम बाजारांत गणला गेला असता.

घोटाळ्याचे खरे कारण

एप्रिल १९९२ मध्ये मुंबईतला शेअर दलाल हर्षद मेहता याचे प्रकरण बाहेर आले. ते लोकांना शेअर घोटाळा म्हणून आठवते, पण पैसे उपसले गेले ते सरकारी रोख्यांच्या व्यवहारांतून. हे रोखे रिझर्व्ह बँकेच्या खातेवहीत हाताने नोंदले जात, आणि नोंद व्हायला वेळ लागे. म्हणून बँका एकमेकींना रोखे देण्याऐवजी ‘बँक रिसीट’ देऊ लागल्या: रोखे आमच्याकडे आहेत, मागाहून देऊ, अशी चिठ्ठी. एकदा चिठ्ठीवर काम भागते म्हटल्यावर पाठीमागे रोखे नसलेल्या चिठ्ठ्याही निघाल्या. आपल्या बँक ऑफ कराडने अशा चिठ्ठ्या दिल्या आणि ती बँक त्यातच संपली. चौकशी करणाऱ्या जानकीरामन समितीने एकूण रक्कम ४,००० कोटी रुपयांच्या वर धरली.

या घोटाळ्याचे खापर तेव्हा माणसांच्या हावेवर फोडले गेले. हाव होतीच. पण हाव सगळ्या देशांत आणि सगळ्या काळांत असते. इथे तिला वाट मिळाली, कारण मालकी बदलल्याची नोंद व्यवहाराच्या मागे रेंगाळत होती. शेअर बाजारातला कोरा ट्रान्सफर डीड आणि बँकांमधली कोरी रिसीट ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे. मला वाटते, हे ओळखणारी मोजकी माणसे त्या वेळी योग्य जागी होती, हे भारताचे भाग्य.

जुना बाजार न मोडता नवा

शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी १९८८ मध्ये निघाली होती, पण तिला कायद्याचे दात आले ते १९९२ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात भागविक्रीची किंमत ठरवणारा १९४७ चा कायदा रद्द झाला, आणि सप्टेंबरमध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांना दारे उघडली गेली. सेबीने दलालांना नोंदणी करायला सांगितली तेव्हा त्यांनी संप पुकारला. मुंबईच्या बाजाराला आतून सुधारायचे तर प्रत्येक पावलाला असा विरोध होणार, हे दिसतच होते.

तेव्हा जो मार्ग निवडला गेला तो या प्रकरणाचा गाभा आहे. जुन्या बाजाराला सुधारणेचे हुकूम देत बसण्याऐवजी सरकारी वित्तसंस्थांनी त्याच्याच शहरात एक स्पर्धक उभा केला. एम. जे. फेरवानी समितीने तशी शिफारस केली होती. आयडीबीआय आणि इतर संस्थांच्या भांडवलावर नोव्हेंबर १९९२ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची (एनएसई) कंपनी स्थापन झाली, आर. एच. पाटील तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. तिचे मालक बाजारात दलाली करत नव्हते आणि दलाली करणारे तिचे मालक नव्हते. एवढी एक गोष्ट मुळातच वेगळी असल्याने पुढच्या बऱ्याच गोष्टी शक्य झाल्या.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी तिथे शेअरांचे व्यवहार सुरू झाले. रिंग नाही, ओरडा नाही. दलालाच्या कचेरीच्या गच्चीवर उपग्रहाची छोटी तबकडी आणि आत संगणकाचा पडदा. ज्याची बोली चांगली त्याचा सौदा आधी. भाव सारखा असेल तर जो आधी आला त्याचा. समोर कोण आहे ते कळत नाही, कळायची गरजही नाही. दूरच्या शहरातल्या दलालाला आणि मुंबईतल्या दलालाला एकाच क्षणी एकच भाव दिसू लागला. सौद्यावर वेळेचा शिक्का आला, त्यामुळे गिऱ्हाईक विचारू शकले की अकरा वाजून दहा मिनिटांनी भाव अमुक असताना मला तमुक का लावला. वर्षभरात एनएसईची उलाढाल १२० वर्षांच्या मुंबई शेअर बाजारापेक्षा जास्त झाली. मुंबई बाजारानेही मार्च १९९५ मध्ये आपली बोल्ट ही संगणकप्रणाली आणली आणि काही महिन्यांत रिंग शांत झाली. ज्या बदलाला वर्षानुवर्षे नकार मिळत होता तो गिऱ्हाईक निघून जाताना दिसल्यावर महिन्यांत झाला.

इथे एक शंका रास्त आहे. हे श्रेय संगणकाचे नाही का? नाही, आणि त्याला पुरावा आहे. एनएसईच्या आधी, १९९२ मध्ये, ओटीसीईआय नावाचा पडद्यावरचा बाजार भारतात सुरू झालेला होता. अमेरिकेच्या नॅसडॅकचा नमुना समोर ठेवून, छोट्या कंपन्यांसाठी. तंत्र नवे होते, पण तिथे चालणाऱ्या कंपन्यांत कोणाला फारसा रस नव्हता आणि दोन्ही बाजूंचे भाव देत राहणारे दलालही पुरेसे नव्हते. तो बाजार कधी वाढलाच नाही. एनएसईने देशातल्या मोठ्या, लोकांना हव्या असलेल्या कंपन्यांचे व्यवहार आपल्या पडद्यावर आणले आणि त्यामागे सौदा पुरा करून देणारी यंत्रणा उभी केली. पडदा दोघांकडे होता.

हमी आणि नोंद

ती यंत्रणा दोन टप्प्यांत आली. पहिला टप्पा नॅशनल सिक्युरिटीज क्लिअरिंग कॉर्पोरेशन, एप्रिल १९९६ पासून. सौदा जुळला की ही संस्था मध्ये उभी राहते: विकणाऱ्यासाठी ती घेणारी, घेणाऱ्यासाठी ती विकणारी. समोरचा दलाल बुडाला तरी माझा सौदा संस्थेशी आहे. अशी हमी देणारी संस्था साहजिकच आधी मार्जिन मागते, रोजच्या रोज हिशेब घेते आणि मर्यादा ओलांडली की दलालाचा पडदा बंद करते. कोणी फसवल्यावर त्याला गाठण्यापेक्षा फसवण्याइतकी उधारी साचूच द्यायची नाही, हे तत्त्व. न्यायालय जे काम दहा वर्षांनी करू शकले असते, ते इथे त्याच दिवशी होऊ लागले.

दुसरा टप्पा कागद घालवण्याचा. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली एनएसडीएल ही डिपॉझिटरी, म्हणजे शेअरांची खाती ठेवणारी संस्था. सी. बी. भावे तिचे पहिले प्रमुख. शेअर आता बँकेतल्या ठेवीसारखा खात्यातली नोंद झाला. सही जुळवणारा कारकून मधून गेला, बॅड डिलिव्हरी संपली, अशा कागदाविना, म्हणजे डीमॅट, शेअरांच्या हस्तांतरावरचे अर्ध्या टक्क्याचे मुद्रांक शुल्क माफ झाले. आणि एक बदल फारसा बोलला जात नाही, तो असा की सार्वजनिक कंपनीच्या संचालक मंडळाला शेअर नावावर करायला मनमानी नकार देण्याची सोय उरली नाही.

लोक आपणहून डीमॅटकडे वळतील या भरवशावर सेबी बसून राहिली नाही. ती बसली असती तर अजून निम्मा बाजार कागदावर असता असे मला ठामपणे वाटते, कारण जोवर समोरचा कागद देतो तोवर माझ्या डीमॅट खात्याचा उपयोग निम्मा. जानेवारी १९९८ पासून मोठ्या संस्थांना काही निवडक कंपन्यांत सक्ती झाली. जानेवारी १९९९ पासून ३१ कंपन्यांत सर्वांना, आणि मग ही यादी वाढत गेली. पाच-सहा वर्षांत जवळजवळ सगळी उलाढाल कागदाविना होऊ लागली.

उरला होता हिशेबाचा आठवडा, म्हणजे आठवडाभराचे सौदे एकत्र मिटवण्याची रीत. एनएसईचा आठवडा मंगळवारी संपे, मुंबई बाजाराचा शुक्रवारी. त्यामुळे सट्टेवाला मंगळवारी इथला सौदा तिकडे आणि शुक्रवारी तिकडचा इकडे ढकलत राही. शेअर प्रत्यक्षात कधी घ्यावाच लागत नसे. बदल्यावर डिसेंबर १९९३ मध्ये बंदी आली होती, पण दलालांच्या दबावाने तो वेगळ्या रूपात परतला होता. हे सगळे तुटायला आणखी एक संकट यावे लागले.

मार्च २००१

केतन पारेख या दलालाच्या प्रकरणात माहिती-तंत्रज्ञान आणि करमणूक क्षेत्रातले काही शेअर उधारीवर फुगवले गेले होते. पैसा अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँकेतूनही आला होता. मार्च २००१ मध्ये भाव कोसळले. १९९२ ते २००१ या काळातली प्रगती मोजायची तर या महिन्याइतकी चांगली संधी नाही, कारण एकाच देशात, एकाच कायद्याखाली, त्याच शेअरांचे व्यवहार करणारे दोन बाजार शेजारीशेजारी पाहता येतात.

कलकत्ता शेअर बाजारात अनधिकृत बदला चालत असे आणि मार्जिनची वसुली ढिली होती. तिथल्या काही दलालांची देणी थकली आणि बाजारावर हिशेब मिटवण्याचे संकट आले. त्याच आठवड्यांत, त्याच पडझडीत, एनएसईचे सौदे ठरल्या वेळी पुरे झाले. त्यानंतर कलकत्त्याकडे पुन्हा फारसा कोणी फिरकला नाही. कंपन्यांची नोंदणी तिथेही होती, दलाल अनुभवी होते, इतिहास मोठा होता. पण ज्या दिवशी खात्री गेली त्या दिवशी उलाढाल गेली.

सरकारने आणि सेबीने या वेळी वेळ दवडला नाही. शेअर बाजारांच्या कारभारातून दलालांना बाहेर काढायचे ठरले. २ जुलै २००१ पासून बदला बंद झाला आणि प्रमुख शेअरांत रोलिंग सेटलमेंट आले, म्हणजे प्रत्येक दिवसाचा हिशेब स्वतंत्र. आधी पाच दिवसांत, एप्रिल २००२ पासून तीन दिवसांत, एप्रिल २००३ पासून दोन. ज्यांना वायद्याचा व्यवहार करायचा होता त्यांच्यासाठी फ्युचर्स जून २०००पासून होतेच. आता ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या मार्जिनवर.

मग वाढ, परदेशी पैसा, बचत?

१९९४ ते १९९७ ही भारताच्या आर्थिक वाढीची चांगली वर्षे होती. तरी त्या काळात भागविक्रीच्या लाटेत आलेल्या शेकडो कंपन्या पुढे व्यवहाराविना पडून राहिल्या. निव्वळ वाढीने कंपन्या बाजारात येतात. टिकतातच असे नाही.

परदेशी संस्था सप्टेंबर १९९२ पासून येऊ लागल्या, म्हणजे यंत्रणा बांधली जाण्याआधी. त्यांनी बाजार बांधला असे म्हणणे चुकीचे ठरेल, पण त्यांनी रेटा दिला. एका संस्थेने लाखभर शेअर घेतले की प्रत्येक कागदावर सह्या, स्टॅम्प आणि तपासणी. ते गठ्ठे सांभाळणाऱ्या बँका मेटाकुटीला आल्या. या संस्था दिल्लीत जाऊन जे बोलत ते छोट्या गुंतवणूकदारालाही हवे होते, फक्त त्याचे ऐकायला कोणी नव्हते. परदेशी पैशाचा खरा उपयोग मला यात दिसतो.

याच दशकात चेक प्रजासत्ताक आणि पोलंड यांनी दोन वेगळे रस्ते धरले होते. चेक सरकारने सरकारी कारखान्यांची मालकी कूपन वाटून जनतेला दिली आणि १९९३ मध्ये उघडलेल्या प्रागच्या बाजारात दीड हजाराहून अधिक कंपन्या एकदम दाखल झाल्या. स्वतंत्र नियामक मात्र १९९८ पर्यंत नव्हता. आतल्या लोकांनी कंपन्या पोखरल्या आणि १९९७ मध्ये हजाराहून अधिक कंपन्या यादीतून काढाव्या लागल्या. वॉर्सातला बाजार एप्रिल १९९१ मध्ये अवघ्या पाच कंपन्यांवर सुरू झाला, पण नियामक आणि कागदाविना नोंद सुरुवातीपासून. पुढे त्या प्रदेशातला मोठा बाजार झाला तो वॉर्साचा.

बचतीचे म्हणाल तर ती सर्वांत शेवटी आली. २००३ नंतर तेजी सुरू झाली, जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला. तरीही मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती साधारण चार कोटीच होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली. मोबाइल आणि आधारवरची ओळख-तपासणी यांनी हा लोंढा आणला खरा, पण तो आला तेव्हा तो सामावून घेणारी वाट वीस वर्षे आधी तयार होती. एप्रिल २०२४ मध्ये म्युच्युअल फंडांच्या एसआयपीतून, म्हणजे ठरावीक काळाने ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या योजनांतून, महिन्याला येणारी रक्कम २०,००० कोटी रुपयांवर गेली. परदेशी संस्था विकत असताना बाजार सावरून धरणारा देशी पैसा आता आहे, आणि १९९२ मध्ये तो नव्हता.

यंत्रणा जिथे पोचत नाही

सौदा पुरा होणे म्हणजे सौदा शहाणपणाचा होणे नव्हे. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि तो सगळा मिळून १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. हे सगळे सौदे वेळेवर, अचूक पुरे झाले. या उलाढालीला मी विकास म्हणायला तयार नाही. एकाच यंत्रणेवर सगळे टेकण्याचाही धोका असतो: २४ फेब्रुवारी २०२१ रोजी एनएसईचे व्यवहार जवळजवळ चार तास बंद पडले.

त्याहून मोठी उणीव कंपनीच्या आत आहे. नव्वदच्या दशकात एकेका वर्षी हजाराहून जास्त कंपन्या लोकांकडून पैसे घेऊन गेल्या, आणि त्यांतल्या दोनशेहून अधिक कंपन्यांचा पुढे पत्ताच लागला नाही. सरकारी दप्तरात त्यांना ‘नाहीशा झालेल्या कंपन्या’ म्हणतात. कंपनीचे हिशेब खरे आहेत की नाहीत, हे क्लिअरिंग कॉर्पोरेशनला कळत नाही. तिथे शेवटी ज्याला टाळून बाजार बांधला त्या न्यायालयाकडेच जावे लागते.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशांहून जास्त पडला. त्या दिवशी घाबरून विकणाऱ्याला त्याचे पैसे ठरल्या मुदतीत मिळाले, इतकी बाजाराची यंत्रणा पक्की झाली होती. सेबीचा आदेश यायला जुलै २०१४ उजाडला, फौजदारी न्यायालयाचा निकाल एप्रिल २०१५ मध्ये लागला. सत्यमच्या भागधारकांपैकी ज्यांच्याकडे अमेरिकेत विकलेली डिपॉझिटरी रिसीट, म्हणजे कंपनीच्या शेअरांच्या आधारावर तिथे काढलेला रोखा, होती त्यांनी तिथल्या न्यायालयात एकत्र दावा लावला आणि २०११ मध्ये कंपनीने त्यांच्याशी १२.५ कोटी डॉलरला तडजोड केली. कंपनी तीच, लबाडी तीच. भारतातल्या भागधारकाला मात्र अशी सामूहिक भरपाई मागण्याची वाट कंपनी कायद्यात नव्हती. २०१३ च्या कायद्यातल्या कलम २४५ ने ती काढून दिली, आणि ते कलम अमलात आले जून २०१६ मध्ये.